दापोडीची जागा

शुक्रवार, रात्र

काल संध्याकाळी स्वारगेटला मेट्रोच्या सरकत्या जिन्याने वर आले, तर बसमधल्या त्या बाई समोरच उभ्या होत्या. "अहो, आहात कुठे? बसमध्ये चढले की आधी डावीकडच्या खिडक्या बघते मी रोज," असे त्या म्हणाल्या, आणि क्षणाचाही विचार न करता मी कामाची वेळ बदलली असल्याचे सांगून टाकले. माझी वेळ बदललेली नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, त्याच आठवड्यापासून मी पिंपरीहून मेट्रोने येते, अर्धा तास वाचतो आणि यात लपवण्यासारखे काहीही नाही. मग मी खोटे का बोलले, हा प्रश्न कालपासून मनातून जात नाही. निघताना त्यांनी एवढेच सांगितले, "मटार सुरू झाले हो."

आमची ओळख चार वर्षांची, पण ती निगडी-स्वारगेट बसच्या बाहेर कधी आली नाही. मी डाव्या बाजूला, स्त्रियांच्या आसनावर खिडकीशी बसायचे आणि शेजारी पिशवी ठेवून त्यांच्यासाठी जागा धरायचे. त्या दापोडीला चढत. थंडीच्या दिवसांत मांडीवर रुमाल पसरून मटार सोलायला बसत. शेंगेचे टोक मोडून शिवणीवर अंगठा दाबला की ती टचकन उघडे. दाणे स्टीलच्या डब्यात जात आणि टरफले कापडी पिशवीत. पहिले दोन-तीन दिवस मी नुसती पाहत होते. मग एके दिवशी काही न बोलता त्यांनी ओंजळभर शेंगा माझ्या ओढणीत टाकल्या. हॅरिस पूल ओलांडताना आम्ही सुरुवात करायचो, आणि पुढे वाकडेवाडीला बस कितीही वेळ अडली तरी आम्हाला त्याचे काही वाटत नसे, कारण किलोभर मटार सोलून व्हायला वेळ लागतोच. हिरवट झालेली नखे घेऊन मी घरी येई. घरी मात्र कोणी विचारले, तर प्रवास कंटाळवाणा झाला असेच मी वर्षानुवर्षे सांगत आले, आणि तेव्हा आपण खोटे बोलतो आहोत असे मला एकदाही वाटले नाही.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी आदल्या दिवसाचा प्रसंगवार हिशेब मांडला होता, आणि त्यात सकाळी कामावर जाण्याचा प्रवास सुखाच्या बाबतीत अगदी तळाशी गेला होता. मला विचारले असते, तर मीही तेच लिहिले असते. मला अधिक लागला तो निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांचा शिकागोच्या लोकलमधला प्रयोग, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, काहींना एकटेच बसायला आणि काहींना रोजच्यासारखे वागायला. एकटे बसण्यातच जास्त सुख मिळेल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास सर्वांत चांगला गेला. हे वाचताना मला माझ्या हिरव्या नखांची आठवण झाली. ज्याला मी वाया गेलेला वेळ म्हणत होते, त्याच वेळात मी सुखी होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

काल त्यांना खरे सांगणे म्हणजे, मला तुमच्यापेक्षा अर्धा तास मोलाचा वाटला, असे सांगणे झाले असते. ते मला जमले नाही. त्याहून जास्त हे सलते की, मी कुठे आहे हे कोणी रोज खिडक्यांतून शोधत होते आणि मी मात्र त्यांचे नावही कधी विचारले नाही. घरात मला असे कोण शोधते, हा विचार काल रात्री बराच वेळ छळत राहिला. आईची खोली आवरायची आहे, पण त्याबद्दल आज नको.

सकाळी जरा शांतपणे पाहिले. मेट्रो सोडणे मला शक्य नाही. त्या अर्ध्या तासामुळेच बाबांची सातची गोळी वेळेवर दिली जाते, आणि त्यांच्याजवळ चहा घेऊन बसता येते, हेही माझेच सुख आहे. मात्र शुक्रवारी संध्याकाळी दादा घरी असतो. म्हणून आज मी पिंपरीला बस धरली. धूळ, चालकाचा सततचा हॉर्न, सारे पूर्वीसारखेच होते. सकाळी मंडईतून घेतलेला अर्धा किलो मटार पिशवीत होता आणि ती पिशवी मी शेजारच्या आसनावर ठेवली होती. कासारवाडीला बस गच्च भरली. एका मुलीने वाकून विचारले, "इथे कोणी आहे का?"

दापोडी अजून यायची होती. "येणार आहेत," मी म्हणाले.