बसची मोटर तापते तेव्हा

आजचा अख्खा दिवस शहरातल्या इलेक्ट्रिक बसच्या पर्मनंट मॅग्नेट मोटरचं (रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, कायमचे चुंबक असलेल्या मोटरचं) गणिती मॉडेल करण्यात गेला. मूळ समीकरणं जुनीच. रोटरसोबत फिरणाऱ्या अक्षांवरून पाहिलं की तिन्ही फेजचे (तारांच्या तीन गटांमधले) वरखाली होणारे करंट दोन स्थिर आकडे होऊन बसतात, हे रॉबर्ट पार्क या इंजिनिअरने १९२९ मध्येच मांडलं होतं. तेवढं पटकन उरकलं.

खरी गंमत तापमान जोडल्यावर सुरू झाली. बस सारखी थांबते, सारखी सुटते. सुटताना टॉर्क (फिरवणारा जोर) जास्त, म्हणजे करंट जास्त, आणि तांब्यातली उष्णता वाढते करंटच्या वर्गाने. वाइंडिंग (तांब्याच्या तारांची गुंडाळी) १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध जवळपास ३९ टक्के वाढतो. निओडिमियमचा मॅग्नेट तेवढाच तापला, तर त्याचं चुंबकत्व साधारण ११-१२ टक्क्यांनी उतरतं. मग त्याच टॉर्कसाठी आणखी करंट, आणखी उष्णता! ब्रेक लावताना हीच मोटर जनरेटर होते, त्यामुळे तेव्हाही वाइंडिंगची सुटका नाही.

रोध आणि चुंबकत्व बदलतच नाहीत असं धरणारं मॉडेल हे सगळं झाकून टाकतं. तरी सर्रास तेच वापरतात (माझा जुना राग).

लोखंडाचं सॅच्युरेशन (एका मर्यादेनंतर करंट वाढवला तरी त्यातलं चुंबकत्व फारसं वाढत नाही) अजून बाकीच आहे. ते वेगळंच डोकं खाणार.