पक्ष्यांची वही पायथॉनमध्ये: एकाच लिस्टचा घोळ

गेल्या दोन हिवाळ्यांच्या पक्षीनोंदी कागदी वहीतून उचलून पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत टाकतोय. रचना साधी ठेवली आहे. डिक्शनरी म्हणजे नावावरून माहिती शोधायची जोड्यांची यादी. तिच्यात पक्ष्याचं नाव ही की (शोधायची खूण) आणि तो जिथे जिथे दिसला त्या ठिकाणांची लिस्ट ही व्हॅल्यू (तिची माहिती). नुसती स्ट्रिंग, म्हणजे एकच मजकूर, ठेवली असती तर दुसरी नोंद आली की पहिली गेली.

सुरुवातीला डिक्शनरीच्या फ्रॉमकीजला, म्हणजे नावांवरून डिक्शनरी बनवणाऱ्या फंक्शनला, नावं दिली आणि सोबत एक रिकामी लिस्ट. एका ओळीत काम झालं म्हणून खूश होतो. मग बुलबुलच्या लिस्टमध्ये 'गच्ची' अपेंड करून (शेवटी जोडून) प्रिंट घेतलं, तर समोर हे:

{'बुलबुल': ['गच्ची'], 'टिटवी': ['गच्ची'], 'रोहित': ['गच्ची']}

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यात उथळ पाण्यात चोच उलटी घालून चरणारा पक्षी माझ्या गच्चीवर कुठून येणार? एरर काहीच नव्हती, त्यामुळे तासभर लूपच तपासत बसलो. शेवटी आयडी फंक्शन (प्रत्येक वस्तूचा ओळख-आकडा देणारं) लावून तिन्ही व्हॅल्यूंचे आकडे काढले. तिन्ही अगदी सारखे!

म्हणजे लिस्ट एकच होती. फ्रॉमकीजला दिलेली रिकामी लिस्ट एकदाच तयार होते आणि प्रत्येक की तिच्याकडेच बोट दाखवते. डिक्शनरी लिस्टला पोटात घेत नाही, तिचा पत्ता तेवढा जपते. लिस्टऐवजी शून्य दिलं असतं तर बिघडलं नसतं, कारण आकडा जागच्या जागी बदलत नाही, त्याच्या जागी नवा येतो. लिस्ट मात्र अपेंडने आहे तिथेच वाढते. हे मी वाचलं होतं, पण कळलं त्या संध्याकाळी.

डिक्शनरी कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीतल्या फेऱ्यांतून डिक्शनरी बनवणं, वापरल्यावर प्रश्न सुटला. तिथे प्रत्येक फेरीत रिकामा चौकटी कंस (म्हणजे रिकामी लिस्ट) नव्याने चालतो, म्हणून दर पक्ष्याला स्वतःची लिस्ट मिळते. पण नवे पक्षी येतच राहतात, आधी नावं कुठून आणायची? की नसेल तर ती बनवणाऱ्या सेटडिफॉल्टनेही भागलं असतं, मला मात्र पायथॉनच्या कलेक्शन्स मोड्यूलमधला डिफॉल्टडिक्ट जास्त आवडला; नसलेली की मागितली की हा तिची व्हॅल्यू स्वतःच बनवतो. त्याला लिस्ट हे नाव द्यायचं, पुढे कंस लावायचे नाहीत. कंस लावले की आपण तयार लिस्ट देतो आणि लगेच टाइपएरर येते. त्याला हवी असते ती लिस्ट बनवणारी गोष्ट, म्हणजे नवी की आली की तो तिला स्वतःच बोलावतो.

यातही एक जागा जपायची. नवरंग नोंदवलाय का, हे बघायला मी चौकटी कंसात त्याचं नाव घातलं. रिकामी लिस्ट मिळाली, बरोबर वाटलं. नंतर एकूण पक्षी मोजले तर एक जास्त. नुसतं विचारल्यानेच डिफॉल्टडिक्टने की बनवून ठेवली होती. आता विचारायचं असेल तर गेट किंवा इन, चौकटी कंस फक्त नोंद करताना.

बॅकअपही बदलला. डिक्शनरीच्या साध्या कॉपीत आतल्या लिस्ट जुन्याच राहतात, म्हणून आतल्या लिस्टचीही नवी प्रत काढणारं, कॉपी मोड्यूलमधलं डीपकॉपी घेतलं.

आत्तापर्यंत वहीची 41 पानं झाली. नवरंगची रिकामी की काढून टाकली आहे. पावसाच्या तोंडावर सिंहगडाच्या पायथ्याशी जाईन, नवरंग दिसला तर त्याची नोंद नीट अपेंडनेच येईल.