अठराव्या वर्षीची पहिली गाडी आणि सोलापूरचं ऊन

रविवार

बारावीचे निकाल लागून प्रवेशाची गडबड सुरू झाली की सोलापुरात बऱ्याच घरांत हा विषय निघतोच. पोराला कॉलेजला जायला चारचाकी घ्यायची का? जुळे सोलापुरातून केगावला विद्यापीठात जायचं असेल, किंवा तुळजापूर रोडनं तळे हिप्परग्याकडे, तर विषय उगाच निघालेला नसतो. दुचाकीवर हायवे, शेजारून घासून जाणारे ट्रेलर आणि डोक्यावर ऊन, हे आईच्या डोळ्यांसमोर असतं.

आधी वयाचं लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त काणाडोळा होतो. चारचाकीला 18 वर्षं पूर्ण हवीत, त्यात घासाघीस नाही. 16 व्या वर्षी मिळतं ते लायसन्स फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. शोरूममध्ये उभ्या असलेल्या पेट्रोल स्कूटर बहुतेक 110 किंवा 125 सीसीच्या. म्हणजे अकरावीतल्या मुलीच्या पर्समध्ये ते कार्ड असलं तरी घरची स्कूटर तिच्यासाठी बेकायदाच. ताशी 25 किमीच्या आतली, 250 वॉटपर्यंतची इलेक्ट्रिक स्कूटर तेवढी बिनलायसन्स चालते.

2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करायला मोकळी असते. 'गल्लीतल्या गल्लीत चालवतोय' म्हणणाऱ्या वडिलांनी हे एकदा शांतपणे वाचावं. दहावी-बारावीच्या वयात गाडी शिकायचीच असेल तर बॉनेट उघडून शिकावी. ते कुठल्याही वयात चालतं आणि पुढे फार कामाला येतं.

मंगळवार

कोणती गाडी घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे: छोटी, वापरलेली, पण जुलै 2019 नंतर बनलेली. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांमध्ये दोन्ही नसण्याची शक्यता मोठी. नवशिका घाबरला की ब्रेकवर उभाच राहतो. एबीएस नसेल तर चाकं जाम होतात आणि स्टिअरिंग वळवून उपयोग होत नाही, गाडी सरळ घसरत जाते. त्यामुळे त्याच पैशात येणारी 2014 ची ऐसपैस सेडान सोडून 2020 ची साधी अल्टो किंवा वॅगनआर घ्यावी. मारुती 800 वर अजून बऱ्याच जणांचा जीव आहे, पण तिचं उत्पादनच 2014 मध्ये थांबलं. आता ती हौसेची गाडी, रोज हायवेवर न्यायची नाही. कोरी करकरीत गाडीही नको. पहिल्या वर्षी बंपर घासणारच, आणि त्या ओरखड्याच्या धास्तीनं मूल आरशापेक्षा बंपरकडे जास्त बघतं.

सोलापूर सीमेवरचं गाव, त्यामुळे कर्नाटकातल्या केए-28 आणि केए-32 पाटीच्या गाड्या इथल्या बाजारात स्वस्तात दिसतात. स्वस्ताई फसवी असते. तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि सोलापूरच्या एमएच-13 ची नवी नोंदणी हे सगळं धरून हिशेब करावा. टॅक्स परत मिळण्याची प्रक्रिया मूळ राज्यात करावी लागते आणि ती रेंगाळते. एमएच-12 किंवा 14 ची पुण्याची गाडी त्या मानानं सोपी.

गाडी बघायला जायचं ते सकाळी, आणि मालकाला आधीच सांगायचं की इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवला आणि ते कोमट लागलं तर पुन्हा यायचं. थंड इंजिनच खरं बोलतं: स्टार्टर रेंगाळतो का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का (म्हणजे ऑइल जळतंय), टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळचा) खडखडाट किती वेळ राहतो. मग टायर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. वर नक्षी ताजी दिसली तरी आपल्याकडच्या उन्हात पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. मीटर 30,000 किमी दाखवतोय आणि चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील, तर आधी मीटरवरच शंका घ्यावी.

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35, थकलेली ई-चलानं ऑनलाइन बघून मालकाकडून भरून घेणं, आणि विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करणं. हे शेवटचं बरेच जण नूतनीकरणापर्यंत ढकलतात. मधल्या काळात गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडतो.

बुधवार, रात्री

आज फक्त उन्हाबद्दल. एप्रिल-मे मध्ये इथे पारा 42-43 च्या पुढे जातो आणि कॉलेजच्या आवारात उघड्यावर उभ्या गाडीचं आतलं तापमान 60 च्या वर सहज जातं. पुस्तकातला मेंटेनन्सचा तक्ता या गावासाठी लिहिलेला नसतो.

पहिला मान कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आपल्याकडे घट्ट आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात दुसरं पाणी हाताशी नसतं, हे खरंय. पण बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. बादलीच्या तळाला आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. हिवाळ्यात काही जाणवत नाही. मे मध्ये एसी लावून सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. तयार मिसळलेला कूलंट घ्यावा, किंवा घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रिझर्व्ह टाकीवर मिनिमम-मॅक्सिममच्या रेघा असतात, इंजिन थंड असताना पातळी त्यांच्या मधे हवी. दर आठवड्याला थोडी थोडी उतरत असेल तर वरून ओतत बसू नये. कुठेतरी गळती आहे: पाइपची क्लिप, वॉटर पंप किंवा रेडिएटरचं झाकण. झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. झाकण काही शे रुपयांचं, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं तर ते काम हजारांत.

काटा वर गेला तर काय करायचं हे मुलाला पाठ हवं. एसी बंद. हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते. त्रास होतो, पण रस्त्याच्या कडेला जाईपर्यंतची दोन मिनिटं मिळतात. बाजूला घेऊन इंजिन बंद, बॉनेट वर. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. कापड धरूनसुद्धा नाही. आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी तोंडावर उडतं. 'चालेल अजून एक किलोमीटर' म्हणणाऱ्यांच्या इंजिनाचं हेड वाकतं.

बॅटरी थंडीत दगा देते असं सगळे म्हणतात. ती मरते मात्र उन्हाळ्यात. उष्णतेनं आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि डिसेंबरच्या सकाळी फक्त निकाल लागतो. छोट्या गाडीला 35 अँपिअर-अवरची बॅटरी असते, इथे ती तीन वर्षं नीट गेली तर समाधान मानावं. शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. उभ्या गाडीत 12.2 च्या खाली आणि चालू असताना ठीक असेल तर बॅटरी थकली. चालू असतानाही 13 च्या आत असेल तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा बेल्ट बघायचा, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर 10 च्या पान्यानं आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासायचं, कोरडं करायचं, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी बसवायचं, वरून पेट्रोलियम जेली. हा क्रम पाळायचाच: निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते.

टायरमध्ये हवा सकाळी, गाडी निघण्याआधी किंवा एक-दोन किलोमीटरच्या आत भरायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, छोट्या गाड्यांचा बहुधा 30 ते 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दुपारी तापलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दाखवणारच. तो बघून हवा सोडायची नाही. उन्हाळ्यात टायर फुटतात ते जास्त हवेपेक्षा कमी हवेनं: टायरची बाजू सतत दुमडते, आतून तापते आणि विद्यापीठाच्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात सुटते.

वायपरचं रबरही याच उन्हात सुकतं. मे संपताना बदलून घ्यावं, नाहीतर पहिल्या पावसात काचेवर चिखल पसरतो. तो पहिला पाऊस फार घसरडा असतो, महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि ऑइल एकदम ओलं होतं.

शुक्रवार

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा 30 दिवसांनंतर. तोवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' आणि शेजारी लायसन्सवालं माणूस. ते माणूस हँडब्रेकपर्यंत हात पोचेल असं बसलेलं हवं, फोनवर बोलत नव्हे.

ट्रेनिंग स्कूलच्या गाडीबद्दल एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. तिथे सरांच्या पायाखालीही पेडल असतात. मुलाला वाटतं गाडी आपणच थांबवली, क्लच आपणच सावरला. घरच्या गाडीत बसलं की पहिल्याच चौकात ती बंद पडते आणि मागून हॉर्न सुरू होतात. म्हणून घरची गाडी आधी मोकळ्या मैदानात न्यावी, रविवारी सकाळी सहाला. आणि तिथे अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावू द्यायचा नाही. पहिला गिअर, क्लच अगदी सावकाश सोडायचा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते आणि गाडी आपणहून सरकते. पाय तिथेच थांबवायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा तिथे आणायचा. टाच जमिनीला टेकलेली हवी, अख्खा पाय हवेत असेल तर ही जागा कधीच सापडत नाही. ती जागा पायाला पक्की झाली की मग आसरा पुलाचा चढ. हँडब्रेक ओढलेला, क्लच त्या जागेवर, थोडा रेस, नाक किंचित उचललं की हँडब्रेक खाली. पाठीमागे रिक्षा अगदी चिकटून उभी असते, त्यामुळे हे मैदानात जमल्याशिवाय पुलावर जाऊ नये.

अर्ध्या क्लचवर गाडी रेटायची सवय इथल्या गर्दीत लवकर लागते. जळक्या कागदासारखा वास आला किंवा चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही असं झालं, तर क्लच प्लेट गेली समजायचं. नवी टाकायला छोट्या गाडीलाही चांगलेच पैसे लागतात. चौकात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करून पाय काढून घ्यावा.

रस्त्यांचं म्हणाल तर मधला मारुती, टिळक चौक, नवी पेठ हा भाग पहिलं वर्षभर टाळला तरी काही बिघडत नाही. डावीकडून दुचाकी घुसणार हे गृहीतच धरायचं, डावा आरसा उघडा ठेवायचा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मार्गावरचे रस्ते बंद असतात, त्या आठवड्यात गाडी घरीच बरी. पण मला खरी काळजी वाटते ती नोव्हेंबर ते मार्चची, संध्याकाळी लॅब सुटल्यावरची. ऊस भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. समोरून येणाऱ्याच्या प्रकाशात डोळे दिपलेले असतात आणि ट्रॉली दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. त्यावर उपाय वेग हाच: आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच ठेवायचा. लो बीमवर तो पन्नासच्या आसपास येतो. मुलांना हा वेग फार कमी वाटतो. तरी तोच सांगावा, रोज सांगावा.

मित्रांना गाडीत घेण्याबद्दल माझं मत कडक आहे. पहिले तीन महिने जास्तीत जास्त एक जण, तोही पुढे, बेल्ट लावून. मागे तिघं बसली की छोट्या गाडीचा ब्रेक लागायला अंतर वाढतं, हे पहिल्यांदा कळतं ते नको त्या वेळी.

रविवार

स्टेपनी राहिली होती. तिच्यात हवा आहे का हे महिन्यातून एकदा बघायचं, कारण लागते तेव्हाच ती बसलेली सापडते. चाक बदलायची तालीम घराच्या अंगणात दोनदा करून घ्यावी: हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, उचलल्यावर चाक फिरतं आणि जोर लागत नाही. जॅक दाराखालच्या खाचेतच लावायचा, पत्र्याला नाही. नव्या चाकाचे नट आधी हातानं, मग समोरासमोरचे एकेक आवळायचे, शेवटचा जोर गाडी खाली उतरवून. आणि डिकीत साधारण वीतभर लांब-रुंद, इंचभर जाडीची लाकडी फळी ठेवायची. मे च्या दुपारी डांबर मऊ झालेलं असतं, जॅक त्यात रुततो आणि गाडी तिरकी होऊन घसरते. फळी जॅकच्या खाली द्यायची. सुताराकडे असा तुकडा सहज मिळतो.