ट्रॉलीच्या मागून

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या कॅज्युअल्टीतल्या जखमा बदलतात. पावसाळ्यात गाडी घसरून गुडघे-कोपर सोललेले येतात. थंडीत, अंधार पडल्यावर, तोंड फुटलेले. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे रात्रभर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर.

डिसेंबरात एका रात्री मंगळवेढा रोडवरून एका तरुणाला टेम्पोवाल्याने आणलं. जबडा दोन ठिकाणी मोडलेला, श्वासागणिक रक्ताचे बुडबुडे. टेम्पोत त्याला उताणा झोपवला होता, म्हणजे सगळं रक्त घशात. मान धरून आधी कुशीवर वळवला, सक्शन लावलं, तेव्हा कुठे ऑक्सिजन चढायला लागला. सिस्टर गालावरची जखम धूत होत्या. चिमट्याला आलं उसाचं पान, बोटभर लांब, अजून हिरवं. धडक कशाला बसली ते विचारायची गरजच उरली नाही.

मोटारसायकल कारला धडकली की बहुतेकदा पायाचं हाड जातं. ट्रॉलीखाली मात्र पुढचं चाक सरळ शिरतं, आणि मागची फळी, बाहेर आलेला ऊस बरोबर तोंड-छातीच्या उंचीवर येतात. अर्ध्या हेल्मेटने डोकं वाचतं, जबडा नाही. याच्याकडे तेही नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला नाही, हे नशीबच.

टेम्पोवाल्याने सांगितलं, ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला फक्त दगड लावलेला. तो दगडसुद्धा ट्रॉली निघून गेल्यावर रस्त्यातच पडून राहतो आणि दुसऱ्या कुणाला तरी पाडतो. मला याचा फार संताप येतो. केसपेपरवर नुसतं ‘मोटारसायकल अपघात’ लिहिलं की यातलं काहीच कुणाला कळत नाही. म्हणून मी उभी ट्रॉली, अंधार, रिफ्लेक्टर नाही, सगळं लिहिते.

“मॅडम, माझं नाव नको हं. उद्या पोलीस हेलपाटे मारायला लावतील,” टेम्पोवाला म्हणाला. त्याला बसवून सांगितलं, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आहे. जखमीला आणणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार होणंही त्याच्या मर्जीवर. थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, “असं असेल तर लिहा. ट्रॉली कुठं उभी होती ते पण दाखवतो.”