पोवळ्याच्या रानावर, आईचा हात धरून

आईचं बालपण देवगडला, समुद्राच्या काठावर गेलं. बाजारात टोपलीतली मासळी नुसती पाहून ती किती वेळापूर्वीची ते सांगणारी ही बाई, पण वयाच्या ६३व्या वर्षापर्यंत तिने पाण्याखाली डोळे कधी उघडले नव्हते. अंदमानला निघताना माझ्या मनात एवढंच होतं: तिला एकदा समुद्र आतून दाखवायचा.

आम्ही स्वराज द्वीपावर उतरलो होतो. ३० डिसेंबर २०१८ ला हे नाव आलं, तरी जेट्टीवर सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. सकाळी बोटीत बसताना आईने बोटांवर तिथी मोजली. “आज अष्टमी, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी बेताची. ओढ नसणार फार.” गाईड तिच्याकडे बघतच राहिला. तो इथलाच, पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत वाढलेला. त्या क्षणापासून ती त्याची ‘मासिमा’, म्हणजे मावशी, झाली.

वीसेक मिनिटांत एलिफंट बीच आला. किनाऱ्यावर प्रचंड झाडं मुळांसकट आडवी पडली आहेत, ऊनपावसाने हाडांसारखी पांढरी झालेली. २००४ च्या त्सुनामीच्या खुणा. आई एका खोडावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

मग मास्क. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी लावून विसळायची, नाक बंद, श्वास फक्त तोंडातल्या नळीतून. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात तोंड पाण्यात गेलं की शरीर नाकानेच श्वास घ्यायला धडपडतं. आई तीनदा खोकत उभी राहिली. गाईडने घाई केली नाही. कमरेएवढ्या पाण्यात तो तिच्याबरोबर नुसता श्वास मोजत राहिला. चौथ्या वेळी नळीतून संथ, लांब आवाज यायला लागला, आणि तिने माझा हात घट्ट धरला.

लाइफ जॅकेट अंगात, हातात रबरी रिंग, आणि खाली पोवळ्यांचं रान. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, मेंदूसारखे गोल दगड, दगडांत रुतलेले मोठाले शिंपले. आमची सावली पडताच त्यांचे निळे-जांभळे ओठ आक्रसायचे. समुद्रफुलाच्या बोटांत नारिंगी मासा लपत होता. मला सगळ्यात जास्त आवडला तो पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळ खरवडतो आणि तो कुडकुड आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. पोटात दळलेली चुन्याची भुकटी तो मागे सोडतो. अशा बेटांच्या पांढऱ्या वाळूत तिचा वाटा मोठा असतो.

आईने डोकं वर काढलं, नळी तोंडातून काढली. “गो, ह्यां सगळां जितां आसा?”

हो, सगळं जिवंत. माझ्या आजीच्या अंगठीत मंगळासाठी घातलेलं पोवळं होतं. दागिन्यांतलं ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, पण तेही अशाच इवल्या जिवांनी बांधलेलं. इथल्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याचंच अन्न, बराचसा रंगही त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जरी काही आठवडे तापलेलं राहिलं, तरी हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं.

पुढे तसा एक पट्टा लागला. राखाडी, मोडक्या फांद्यांचा खच, वर शेवाळ. मासे जवळपास नाहीत. मला तिथे थांबवेना, आई मात्र बराच वेळ खाली बघत राहिली. गाईडने बोट दाखवलं: त्याच ढिगाऱ्यावर तळहाताएवढी तपकिरी नवी फांदी उगवली होती.

परतताना एक पर्यटक फोटोसाठी प्रवाळावर उभा राहिलेला दिसला. गाईड ओरडायच्या आधी आईच ओरडली, मालवणीत. तो खाली उतरला.

किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून ती पाण्याकडे बघत बसली होती. पायाशी शंख पडले होते, तिने एकाला हात लावला नाही. शहाळं संपवून म्हणाली, “उद्या हेच पाणी पाऊण तास उशिरा येईल.” आणि गाईडला हाक मारून विचारलं, “उद्याची बोट कितीची?”