गंगबल-नुंदकोलचा नकाशा: सावली आणि पाणी

काश्मीरमधल्या हरमुख शिखराच्या पायथ्याच्या गंगबल आणि नुंदकोल या तळ्यांचा माझा नकाशा या महिन्यात थोडा मागेच सरकला. पण चूक कुठे होती ते नेमकं सापडलं, त्याचा आनंद मोठा आहे.

तळ्यांच्या कडा हातानं गिरवायच्या नाहीत असं ठरवलं होतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातल्या हिरव्या आणि निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यांवरून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाणी ओळखणारा निर्देशांक काढला. चित्र निवडलं ऑक्टोबरचं, कारण तेव्हा जुना बर्फ वितळलेला असतो आणि तळी अजून गोठलेली नसतात. गंगबल आणि नुंदकोल, दोन्ही सुरेख उमटली. पण वर हरमुखच्या उत्तर कुशीत आणखी तीन तळी दिसायला लागली, आणि ती मला कुठल्याच ट्रेकरच्या फोटोत सापडेनात.

ती सावली होती! उपग्रह तिथून सकाळी अकराच्या आसपास जातो. ऑक्टोबरात त्या वेळी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ५,१४२ मीटरच्या शिखराची सावली खालच्या हिमगव्हरात (हिमनदीनं कोरलेल्या खोलगट भागात) साचून राहते. निर्देशांकाला ती पाण्यासारखीच दिसते.

मग कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाच्या उंची-मॉडेलवरून, म्हणजे दर ३० मीटरच्या चौकोनाला जमिनीची उंची देणाऱ्या माहितीवरून, उतार काढला. पाणी सपाट असणारच, म्हणून ३ अंशांपेक्षा जास्त उताराचं सगळं गाळलं. दोन खोटी तळी लगेच गेली. तिसरं चिवट निघालं, कारण ते हिमनदीच्या सपाट तुकड्यावर होतं. ऑगस्टचं चित्र शेजारी ठेवलं, तिथे पांढरंशुभ्र बर्फ दिसलं आणि प्रश्न मिटला.

समोच्च रेषांमधलं (समान उंची जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर २० मीटरवरून ४० मीटरवर आणलं. हिमोढांवर (हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांवर) २० च्या रेषा उगाच थरथरत होत्या. ३० मीटरच्या पिक्सेलकडून तेवढा तपशील मागणं मला खोटेपणाचं वाटतं. गंगबलचं पाणी नुंदकोलमध्ये आणि तिथून वांगत नाल्यात उतरतं, तो प्रवाह आता रेषांच्या घळीतून नीट वाहतो.

हे करताना ब्रिटिश सर्वेक्षक थॉमस माँटगोमेरी सारखा आठवत होता. १८५६ मध्ये त्यानं याच हरमुखवरून २०० किलोमीटरपलीकडची काराकोरमची शिखरं टिपली आणि त्यांना के-१, के-२ अशी नावं दिली. तेही नुसत्या कोनांवरून!

आता जवळच्याच सतसर या तळ्यांच्या समूहाची पाळी. तिथली काही तळी मोसम सरताना आटतात, म्हणून जुलैची कड तुटक रेषेनं आणि ऑक्टोबरची सलग, अशी दोन्ही दाखवणार आहे. जुलैमध्ये तिकडे जाऊन आलेल्या कुणाकडे जीपीएक्स ट्रॅक (चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) असेल, तर मला हवा आहे. तळ्याच्या काठाकाठानं चाललेला असेल तर फारच उत्तम.