ब्रिन इंडेक्स, प्रयोगाची नोंद: कोरिलेशन उत्तम दिसतं, तरी क्वेरी मंद का

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये ब्रिन (पानांच्या गटागटाचा सारांश ठेवणारा छोटा इंडेक्स) ९.५ आवृत्तीपासून आहे, पण वापरात फारसा दिसत नाही. जे वापरतात, तेही बहुतेकदा पीजी_स्टॅट्स या आकडेवारीच्या व्ह्यूमधलं कोरिलेशन (मूल्यांचा क्रम आणि डिस्कवरचा क्रम किती जुळतो) १ च्या जवळ आहे एवढं बघून पुढे जातात. तेवढं पुरत नाही, आणि या नोंदीचा सगळा भर त्यावरच आहे.

मांडणी: बिगइंट आयडी, टाइमस्टॅम्पटीझेड वेळ, डबल प्रिसिजन मूल्य, एकेक सेकंदाच्या अंतराने १ कोटी ओळी. एका ओळीला हेडर आणि लाइन पॉइंटर धरून ५२ बाइट लागतात, म्हणजे ८ केबीच्या पानात १५७ ओळी आणि एकूण सुमारे ६३,७०० पानं. वेळेवरचा बी-ट्री, म्हणजे नेहमीचा इंडेक्स, २०० एमबीच्या वर जातो. ब्रिन काही डझन केबीत आटोपतो, कारण तो दर १२८ पानांच्या पट्ट्यामागे फक्त किमान आणि कमाल वेळ ठेवतो.

एका दिवसाच्या ८६,४०० ओळी साधारण ५५० पानांत बसतात. म्हणजे ५ किंवा ६ पट्टे, फार तर ७६८ पानं. पेजेस_पर_रेंज (एका पट्ट्यात किती पानं) ३२ केलं तर हाच आकडा ६०८ वर येतो. इथे ३२ मला जास्त पटतं. इंडेक्स चौपट झाला तरी क्षुल्लकच राहतो.

आता मोडतोड. फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं) १०० ठेवून विखुरलेल्या १ टक्का ओळींचं मूल्य अपडेट करा. पानं भरलेली असल्याने नव्या आवृत्त्या टेबलाच्या शेवटी जातात. मग व्हॅक्यूम (जुन्या, निकामी आवृत्त्यांची सफाई) चालवा आणि आजच्या वेळेच्या १ लाख ओळी घाला. व्हॅक्यूमने मोकळ्या केलेल्या जुन्या जागांमध्ये त्यातल्या बऱ्याच जाऊन बसतात. अशी एक ओळ आली की त्या पट्ट्याचा किमान जुना आणि कमाल आजचा होतो. मधल्या कुठल्याही दिवसाची क्वेरी मग तो पट्टा वगळू शकत नाही. कोरिलेशन मात्र हिशेबाने ०.९७ च्या आसपासच राहतं, कारण जागा सोडलेल्या ओळी दीड-दोन टक्केच. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनरही त्याच आकड्यावर विसंबून ब्रिन स्वस्त समजतो.

खरं चित्र दोन ठिकाणी दिसतं. क्वेरीची योजना दाखवणाऱ्या एक्सप्लेनला अनालाइझ आणि बफर्स लावून 'हीप ब्लॉक्स: लॉसी' (पूर्ण तपासावी लागलेली पानं) आणि 'रोज रिमूव्ड बाय इंडेक्स रीचेक' (वाचून टाकून दिलेल्या ओळी) हे आकडे पाहा. मग पेजइन्स्पेक्ट एक्स्टेन्शनच्या ब्रिन_पेज_आयटम्सने पट्ट्यांच्या सीमा पाहा. शेजारचे पट्टे एकमेकांवर चढलेले दिसले की निदान झालं.

उपाय: फिलफॅक्टर ९०. अपडेटला त्याच पानात जागा मिळते, आणि इन्सर्ट ती राखीव जागा सोडूनच पान निवडतो. पण हे फक्त नव्याने लिहिलेल्या पानांना लागू. जुन्यांसाठी बी-ट्री वापरून क्लस्टर करावं, म्हणजे टेबल क्रमाने पुन्हा लिहावं लागतं (ब्रिनवर क्लस्टर होत नाही), आणि तेवढा वेळ टेबलावर वाचनसुद्धा थांबतं. डिलीटने पडणाऱ्या भोकांवर फिलफॅक्टरचा इलाज नाही. तिथे जुना डेटा पार्टिशनसकट (टेबलाच्या अख्ख्या तुकड्यासकट) काढा. आवृत्ती १४ पासून टाइमस्टॅम्पटीझेड_मिनमॅक्स_मल्टी_ऑप्स हा ब्रिनचा ऑपरेटर क्लास (सारांश कसा ठेवायचा ते ठरवणारा) आहे. तो एका पट्ट्यात अनेक छोटे अंतराल ठेवतो, त्यामुळे एखाद-दुसऱ्या भरकटलेल्या ओळीने पट्टा बिघडत नाही. चालू टेबलासाठी माझी पहिली पसंती हीच.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. डिलीट किंवा अपडेट झाल्यावर पट्ट्याच्या सीमा आपोआप आकसत नाहीत. रीइंडेक्स करा, किंवा ब्रिन_डीसमराइझ_रेंज (जुना सारांश काढतो) आणि मग ब्रिन_समराइझ_रेंज (नवा करतो). दुसरं, सारांश न झालेला पट्टा प्रत्येक क्वेरीत वाचला जातो. ऑटोसमराइझ (नव्या पट्ट्यांचा सारांश आपोआप करणं) मुळात बंद असतं, ते चालू करा, किंवा मोठ्या लोडनंतर ब्रिन_समराइझ_न्यू_व्हॅल्यूज स्वतः चालवा.

पुढचा टप्पा: याच बिघडवलेल्या टेबलावर मिनमॅक्स-मल्टीचं व्हॅल्यूज_पर_रेंज (एका पट्ट्यासाठी किती मूल्यं ठेवायची) ८, १६ आणि ३२ ठेवून लॉसी पानांची तुलना.